लायडनला पाणी देणारी मावशी

माझ्या घरमालकिणीने मला हात दिला. ठाण्याजवळच्या दिवा गावात, खाडीकडच्या जुन्या कोळी वस्तीतली बाई, आमच्या गल्लीच्या तोंडाशी मासे विकते, आणि तिच्या चाळीतल्या कोपऱ्यातल्या खोलीत मी भाड्याने राहते. सगळे तिला मावशी म्हणतात, मीही म्हणते. हे आधीच सांगून टाकते, कारण मी गोष्ट सांगायला लागले की घाबरल्यासारखी स्वतःबद्दलच बोलत सुटते आणि ज्याचं नाव आधी घ्यायचं ते माणूस राहून जातं. मावशी राहायला नको.

मी हिंगोलीकडची. शाळा आठवीत सुटली. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि घरी म्हातारी, म्हणजे माझी आई, आजारी, एवढंच कारण. चित्रं मात्र बरी काढायचे. गावातल्या लग्नघरांच्या भिंतीवर मोर, कलश, बँडवाले मीच रंगवायचे. त्या जोरावर इकडे आले. भावाने येऊ दिलं, पण एक बोली करून. "एक साल बघ. जम बसला तर ठीक, नसता गुमान वापस ये." जम म्हणजे काय हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं.

शीळफाट्याजवळच्या एका डेकोरेशनच्या कारखान्यात मला काम मिळालं. मखर, कमानी, मंडळांचे देखावे तिथे तयार होतात. पण साल सरत आलं तरी माझ्या हातात ब्रश काही आला नाही. कागद चिकटव, पुठ्ठा काप, प्रायमर मार. मग नवरात्र जवळ आलं आणि कारखान्याचे सगळे कारागीर ठाण्यात टेंभी नाक्याकडच्या मोठ्या कामांना गुंतले. दिव्यातल्या आमच्याच गल्लीतल्या छोट्या मंडळाचं काम उरलं. शेठ म्हणाले, "तू कर. तुझ्या घराजवळच आहे. जमलं तर पुढच्या सीझनपासून रंगकाम तुझ्या हाताखाली. नाही जमलं तर मात्र मला दुसरं माणूस बघावं लागेल, बाई. कागद चिकटवायला कोणीही चालतं."

मी हो म्हणाले.

मंडळाचे सल्लागार म्हणजे आमच्या गल्लीतल्या बिल्डिंगमध्ये राहणारे एक रिटायर्ड मास्तर. इतिहास शिकवायचे. सगळ्यांचे सर. मीटिंगला मला बोलावलं होतं, मी दाराशी खुर्ची धरून बसले होते. अध्यक्षांचं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे, ते घाईत होते. म्हणाले, "सर, केदारनाथ फायनल करूया ना. लोकांना आवडतं."

सर म्हणाले, "मागच्या वर्षी केदारनाथ. त्याच्या आधी गुहा. त्याच्या आधी केदारनाथ, पण बर्फ कमी. यंदा लायडन."

"ते कुठे आलं? शहाडच्या पुढे?"

"हॉलंडमध्ये."

सगळे हसले. सरांनी चष्मा पुसला आणि गोष्ट सांगायला लागले. मी ती ऐकली तशी सांगते, चूकभूल माझी.

साडेचारशे वर्षांपूर्वी हॉलंडवर स्पेनच्या राजाचं राज्य होतं. धर्मावरून माणसं जाळायचे, करावर कर लावायचे. तिथले काही सरदार गाऱ्हाणं घेऊन दरबारात गेले तेव्हा कोणीतरी दरबारी हसून म्हणाला, यांना काय घाबरायचं, हे तर भिकारी. त्यांनी तेच नाव उचललं. भिकाऱ्याचा कटोरा बिल्ला करून गळ्यात घातला. पुढे छळ वाढला, ज्यांचं घरदार गेलं ते गलबतांवर चढले आणि समुद्रातून लढायला लागले. समुद्रावरचे भिकारी. सर म्हणाले, "संत नव्हते हं ते. लूटमार केली, वाईट कामंही केली. पण त्यांना जमीनच उरली नव्हती. इंग्लंडच्या बंदरांत थांबायचे, तिथूनही एक दिवस हाकललं. मग जायचं कुठे? त्यांनी स्वतःच्याच देशातलं एक छोटं बंदर घेतलं, ब्रील नावाचं. तिथून सगळं फिरलं."

कुठल्याच बंदरात थारा नसलेली माणसं. बाकी काही कळलं नसेल, तेवढं मला बसल्या जागी कळलं.

मग लायडन. शहराला स्पेनच्या फौजेचा वेढा पडलेला, आत लोक उपाशी. समुद्र कितीतरी लांब. मग त्या लोकांनी काय केलं, तर स्वतःचे बांध स्वतः फोडले. पिकलेली शेतं बुडवली आणि समुद्रच आत घेतला. त्या पाण्यावरून हे भिकारी होड्या घेऊन निघाले, होड्यांत पाव आणि मासे. शहर सुटलं ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला. "म्हणजे आपल्या नवरात्राच्या आगेमागेच," सर म्हणाले. "संकटातून सोडवणारी ती आई. तिच्यासमोर सुटकेचाच देखावा हवा. नाही का?"

अध्यक्ष म्हणाले, "आणि पाणी खरं?"

"खरं. नाहीतर मजा काय?"

नळाची वाट बघत दिव्यात राहणाऱ्या माणसाने तेव्हाच हात वर करायला पाहिजे होता. मी केला नाही. मला होड्या रंगवायच्या होत्या.

पितृपक्षात आम्ही मांडव घातला. प्लायची खोलीएवढी मोठी टाकी, आतून ताडपत्री. एका टोकाला शहर, तट, चर्चचा मनोरा, मध्ये शेतं आणि बांध. वरच्या ड्रममधून पाणी सोडायचं, बांध फुटायचा, शेतं बुडायची आणि होड्या तरंगत वेशीपाशी जायच्या. थर्माकोल बंद आहे, म्हणून होड्या पुठ्ठ्याच्या, वरून ऑइलपेंट. सरांनी पुस्तकातलं गलबताचं चित्र दाखवलं होतं. फुगलेलं पोट, खाली निमुळता तळ, वर उंच डोलकाठ्या. मी हुबेहूब केली. पोट तर चित्रापेक्षा खोलच केलं. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीत वाकून बघायची वस्तू. पाणी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ते खाली खाली जातं. पाणी पसरट असतं, ते बोटभर उंचीने गावात चालत येतं, हे मला माहीतच नव्हतं.

पहिली चाचणी झाली. मंडळाच्या पिण्याच्या टाकीतलं जेवढं पाणी मिळालं तेवढं सोडलं. शेतांवर घोट्याएवढंही चढलं नाही. माझी गलबतं चिखलात रुतल्यासारखी उभी राहिली आणि मग एकेक करून आडवी झाली. डोलकाठ्या चर्चच्या दिशेने. कोणीतरी मागून म्हणालं, "सगळे शहीद झाले काय?"

तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगमधली एक बाई रिकामा हंडा कमरेवर घेऊन मांडवातच आली. तीन दिवस नळाला पाणी नव्हतं. हंडा तिने टाकीच्या कडेवर आपटला. "अरे वा! आमच्या पोरांना आंघोळीला नाही आणि ह्यांच्या इथे समुद्र! देवीला विचारलंत का, तिला तहान लागली का म्हणून?"

सर म्हणाले, "वहिनी, तुमचं बरोबर आहे."

ती गेल्यावर अध्यक्ष माझ्याकडे वळले. "हे बघ, नळाचं, टँकरचं एक थेंब पाणी इथे येणार नाही. लोक मारतील मला. अमावास्येला संध्याकाळपर्यंत देखावा चालून दाखव, कसा ते तू बघ. नाही चालला तर घटस्थापनेच्या आधी मी कल्याणहून रेडिमेड मंदिर आणतो. तुझ्या शेठला फोन करून तसं सांगतो."

सांगतो म्हणाले, सांगितलं नव्हतं. पण मला तो फोन झाल्यासारखाच वाटला. मनात मी बॅगही भरली.

नळाचं नको तर खाडीचं, हे मला सुचलं. त्याचा मला अभिमान होता तो दुसऱ्याच दिवशी सकाळी गेला. बादल्या घेऊन मी खाडीवर गेले. बघते तर पाणी लांब मध्ये, आणि काठापर्यंत नुसता काळा गाळ. एक पाय घातला, तो पोटरीपर्यंत आत. काढायला गेले तर चप्पल आतच. मी तशीच उभी राहिले आणि मला रडू आलं, मोठ्याने.

"कोन गं ती? चिखलात काय हुडकतेस, निवट्या मासळी?"

मागे मावशी. डोक्यावर टोपली, कासोटा खोचलेला, तोंडात पान.

"पाणी न्यायला आले," मी म्हणाले.

मावशी इतकी हसली की टोपली खाली ठेवावी लागली. "आगं माझे बाय! आज अष्टमी. भांगाचं पानी हाय. आज ते काठाला शिवनार पन नाय. आठ दिस झाले की अवस. अवसेला दुपारी बग, उधान येईल. हितं उभी होतीस ना, हितंच तुझ्या कमरेला लागंल."

मी तिला सगळं सांगितलं. लायडन, भिकारी, होड्या आडव्या, अध्यक्ष, शेठ, भाऊ. ती ऐकत होती आणि माझा पाय गाळातून ओढत होती. भावाचं ऐकून म्हणाली, "म्हंजे ही होरी बुडली की तू पन गेलीस गावाला."

"हो."

"आनि माझी खोली रिकामी. ते नको. तुझ्यासारखी गप भाडेकरीन कठं मिलनार?"

मग तिने मला वर नेलं. काठावर एक होडी पालथी पडली होती. तिच्या नवऱ्याची. तो गेल्यापासून कोणी पाण्यात घातली नव्हती. रंगाच्या खपल्या निघालेल्या, मूळचा निळा की हिरवा ते कळत नव्हतं. मावशीने तिच्या तळावर थाप मारली, जशी आपण म्हशीच्या पाठीवर मारतो.

"बग. पोट हाय काय हिला?"

तळ सपाट होता. भाकरीच्या परातीसारखा.

"खाडीत पानी थोरं, गाल लई. पोटवाली होरी हितं आडवी होनारच. तुज्या त्या भिकाऱ्यांनी काय गलबतं नेली काय शेतातून? येडी की काय ती मानसं?"

संध्याकाळी मी सरांना विचारलं. सर पुस्तक घेऊन बसले, पानं उलटली आणि मांडीवर हात मारला. शेतांवरून गेल्या त्या होड्या सपाट तळाच्याच होत्या, मुद्दाम तशा आणलेल्या. चित्र त्यांनी समुद्रातल्या गलबताचं दाखवलं होतं. त्यांना राग नाही आला, उलट लहान पोरासारखे खूश झाले. "जा, सांग तिला! साडेचारशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी तिचंच ऐकलं म्हणावं."

मी सांगितलं. मावशी म्हणाली, "मंग जगले असतील."

मग मधले दिवस. होड्या मी पुन्हा केल्या. पुठ्ठा सोडला, वडापाववाल्याकडून तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे आणले. डब्याची बाजू आयतीच सपाट असते. कापून, कडा वळवून, कोपरे वाकवून होडी करायची. पत्रा कापायचं मला गावाकडून माहीत, आमच्या छपराची ठिगळं मीच लावायचे. बोटांना चार ठिकाणी कापलं. डोलकाठ्या आखूड केल्या. होडीत पावाचे तुकडे, पिवळ्या रंगाने रंगवलेले, आणि मातीचे बारीक मासे. मासे करताना मावशी येऊन उकिडवी बसली. "ह्ये कंचं मासं?" सरांनी हेरिंग असं नाव सांगितलं होतं आणि ते तारलीच्या जातीतलं असतं हेही. मी तसं सांगितल्यावर तिने एक मासा बोटांत धरून फिरवून पाहिला. "तारलीचं शेपूट असं नसतं. दे हिकडं." आणि सगळ्यांची शेपटं तिने नखाने नीट केली.

पण काम चाललं तरी भीती चाललीच होती. पाणी आलंच नाही तर? अध्यक्ष येता जाता टाकीत डोकावत आणि "अजून कोरडंच?" म्हणून जात. त्यात भावाचा फोन.

"काय करायलीस?"

"पाण्याची वाट बघायलेय."

"तिथं पण?" तो म्हणाला. मग, "अगं, साल होत आलं. बोलल्याप्रमाणं ये ना आता. कामून जीवाला घोर लावून घेतीस?"

मी म्हणाले, अमावास्येनंतर सांगते. त्याने फोन ठेवला.

त्या दिवशी सरांनी मला गोष्टीचा राहिलेला भाग सांगितला. बांध फोडून लगेच काही झालं नव्हतं. होड्या मध्येच अडकल्या होत्या. पाणी कमी, वारा उलटा. शहराचे मनोरे समोर दिसत होते आणि जाता येत नव्हतं. आत लोक मरत होते आणि हे शेतात होड्या टेकवून बसले होते. मग वारा फिरला, मोठी भरती आली, आणि समुद्राने त्यांना उचललं. "मग त्यांनी तोवर काय केलं?" मी विचारलं. सर म्हणाले, "वाट पाहिली. आणि होड्या तयार ठेवल्या. दुसरं काय करणार?"

मी जाऊन होड्यांना रंगाचा दुसरा हात मारला.

अमावास्या उजाडली. सर्वपित्री. मावशीच्या घरी सकाळपासून खीर, वडे, भाज्या. नवऱ्याचं पान वाढायचं होतं. मी दारातच थांबले, आज कसं म्हणू? तिने मला बघितलं, पान वाढलं, कावळ्यासाठी छपरावर ठेवलं आणि पदर खोचला. "म्हातारा येईल तेवा खाईल. दर्यावरचा मानूस हाय तो, उधानाच्या दिवशी वेलेवर घरी यायची त्याची सवय कधीच नव्हती. चल."

तिच्या पुतण्याचा टेम्पो होता. त्यात मासळीचे निळे ड्रम, तिने आदल्या दिवशीच राखेने घासून ठेवलेले. खाडीवर पोचलो तेव्हा पाणी गाळावरून पुढे सरकत होतं. आवाज नाही, लाट नाही. बघत राहिलं तर हलत नाही, नजर काढून परत बघितलं तर हातभर जवळ. माझी चप्पल ज्या गाळात गेली होती तो दिसेनासा झाला. मी बादली उचलली तर मावशीने हात धरला.

"थांब. पयलं पानी काठाची घान घेऊन येतं. भरू दे. वरचं येऊ दे."

दुपार कलायला लागली तेव्हा पाणी त्या पालथ्या होडीच्या अगदी जवळ आलं होतं. मावशी कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि म्हणाली, "आन बादल्या."

मांडवात पोचलो तर अध्यक्ष वाट अडवून उभे. नाकाला रुमाल. "मावशी, हे काय? देवीच्या मांडवात मासळीचे ड्रम? उद्या घट बसणार! लोक काय म्हणतील?"

मावशीने ड्रम खाली ठेवला. ती शांतपणे म्हणाली, "भावड्या, आमची आई डोंगरावर बसलीय, आमी कोली तिच्या पायाशी ह्याच हातांनी जातो. तिनं कदी नाकाला फडका नाय लावला. तुझी देवी येगली हाय काय?"

अध्यक्षांचा रुमाल खाली आला. एवढ्यात ती हंडेवाली वहिनी गर्दीतून पुढे आली. मला वाटलं, झालं, आता संपलं. तिने ड्रममध्ये बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"खारट आहे की!"

"मंग?" मावशी म्हणाली. "कोनाच्या हंड्यातलं नाय. पिऊन दाखव."

वहिनी हसली. तिच्यामागे गल्ली हसली. मग तीच वहिनी पदर खोचून बादल्यांनी पाणी देखाव्याच्या वरच्या ड्रममध्ये चढवायला लागली. सरांनी तुरटी फिरवली, धूप लावला. वास थोडा राहिला. खरं सांगते, तो वास राहिला म्हणूनच तो समुद्र वाटला.

संध्याकाळी दिवे लावले. सर माईकवर बोलायला लागले आणि भिकाऱ्यांच्या कटोऱ्याशी आले तेव्हा त्यांचा आवाज जरा चिरकला. मी मागे झडपेवर हात ठेवून उभी होते. झडप सोडली. बांध फुटला. पाणी शेतांवरून आलं. माझ्या पत्र्याच्या होड्या जागच्या हलल्या, तळ खरवडल्याचा बारीक आवाज आला आणि मग तो आवाज बंद झाला. तरंगल्या. सगळ्या. एकही आडवी झाली नाही. वेशीपाशी जाऊन तटाला टेकल्या, टिक टिक टिक. पुढे उभी एक बारकी पोरगी ओरडली, "पाव आला! पाव आला!"

मी झडपेपाशी खाली बसले आणि श्वास सोडला. कधीपासून धरला होता कोण जाणे. पहिल्या चाचणीपासून असेल, किंवा हिंगोलीची एसटी सुटली तेव्हापासून.

अध्यक्षांनी शेठना फोन केला, माझ्यासमोरच. "नाही हो, मंदिर कशाला? चाललं एकदम. पुढच्या वर्षी पण हिलाच पाठवा." नवरात्रभर शेजारच्या गल्ल्यांतून माणसं बघायला आली. सरांच्या हट्टाने प्रसादाला पेढ्याबरोबर पावाचा तुकडा होता. दसरा झाला, आणि शेठनी माझ्या हातात ब्रशांचा जुना डबा दिला. डबा जड होता.

भावाला सांगितलं, जम बसला. तो म्हणाला, "पाण्याचं काय झालं?" मी म्हणाले, आलं. तो खूप वेळ हसत होता. मग म्हणाला, "म्हातारीला सांगतो. ती रोज विचारायली, पोरीला तिथं प्यायला तरी मिळतं का."

अमावास्येच्या त्या संध्याकाळी मावशी मात्र देखावा बघायला थांबली नव्हती. ड्रम रिकामे झाले तशी घरी गेली होती, छपरावरचं पान बघायला. दुसऱ्या दिवशी आली, टाकीशी उभी राहिली, होड्या वेशीला लागेपर्यंत बघितल्या. मला वाटलं काहीतरी छान बोलेल. ती म्हणाली, "माझा म्हातारा असता तर ओरडला असता. होरी अशी तिरकी लावतात काय तटाला?" आणि डोळे पुसले.

मावशी, तू हे वाचणार नाहीस, पण कोणीतरी तुला वाचून दाखवील. काठावरची ती पालथी होडी मी रंगवणार आहे. पुतण्याला म्हणावं, भोकं बुजवून ठेव, बाकीचं माझ्याकडे. रंग कुठला होता ते तू सांगशील. निळा की हिरवा ते मला अजून कळलेलं नाही. यंदा जमेल की पुढच्या वर्षी, माहीत नाही, पण एखाद्या नारळी पौर्णिमेच्या आधी ती सरळ झालेली असेल आणि उधाणाच्या पाण्याला तिला मी ढकलीन. मला अजून पोहता येत नाही. तू काठावर उभी राहा.